बर्फी वाटून झाल्यावर...

डिलिव्हरी नॉर्मल, बाळ गोंडस, घरात डिंकाच्या लाडवांचा डबा काठोकाठ भरलेला. मग रडू कशाचं येतंय? जळगाव ते धुळे या शंभरेक किलोमीटरच्या रस्त्यात मला त्याचं उत्तर मिळालं.

एप्रिल २०१८. जळगावची दुपार. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आणि मी माहेरच्या मधल्या खोलीत डोक्याला स्कार्फ, कानात कापूस आणि पायात मोजे अशा अवतारात बाजेवर पडलेय. कूलर बंद, कारण बाळंतिणीला वारा लागतो. बाजेखाली ओवा-शेपाची धुरी नुकतीच देऊन झालीय. जळगावच्या एप्रिलमध्ये धुरी! ज्यांनी जळगावचा उन्हाळा काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. शेजारी माझी एकोणीस दिवसांची लेक गाढ झोपलीय.

मी मात्र हिशेब करतेय. आता उठले, गुपचूप रिक्षा केली, तर पुण्याची गाडी किती वाजता मिळेल? बॅगेत काय काय टाकायचं? दोन ड्रेस, चार्जर, एटीएम कार्ड, ऑफिसचं आयडी. यादी पूर्ण झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तिच्यात बाळाचं काहीच नव्हतं. मी बाळाला धरलंच नव्हतं. आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. ते 'वाईट न वाटणं' इतकं भयंकर होतं की मी स्कार्फ तोंडात कोंबून रडले.

वास्तविक माझ्याइतकी तयारी कोणी केली नसेल. हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग लीड. वय एकोणतीस. एक्सेल शीटशिवाय पान हलत नाही. लसीकरणाची शीट, खरेदीची शीट, बाळाच्या नावांचीसुद्धा शीट, फिल्टर लावून! मॅटर्निटी लीव्ह २०१७ साली बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली होती, त्यामुळे मैत्रिणी जळायच्या. "लकी आहेस यार, सहा महिने फुल्ल आराम!" नवरा धुळ्याचा, देवपुरातला. दोघं पुण्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यानंतर मी जळगावात.

मुलगी झाली. आमच्या घरात कोणी तोंड वाकडं केलं नाही, हे आधीच सांगते. बाबांनी कॉलनीभर बर्फी वाटली. शेजारच्या काकू मात्र बर्फी तोंडात टाकून म्हणाल्या, "असू दे गं. पहिली बेटी धनाची पेटी." त्या 'असू दे'वर मी नंतर कितीतरी रात्री विचार करत बसले. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे साडेआठशेसुद्धा मुली नव्हत्या. 'असू दे' हा शब्द त्या आकड्यातून येतो, काकूंच्या मनातून नव्हे. पण तेव्हा मला आकडे सुचत नव्हते. वाटायचं, माझंच काहीतरी चुकलंय.

'अगं, सगळ्यांनाच होतं'

तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं. कारण काय? तर आईने वरणात हिंग जास्त टाकला. मावशी म्हणाली, "सगळ्यांनाच होतं, चार दिवसांत जातं." आणि ती चूक नव्हती. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हॉर्मोन्स एकदम खाली येतात. बहुतेक बायकांना पहिल्या आठवड्यात उगाच रडू येतं, चिडचिड होते. याला म्हणतात बेबी ब्लूज. दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप ओसरतं.

माझं ओसरलं नाही. वाढलं. बाळ झोपलं तरी मला झोप नाही. छताच्या पंख्याकडे बघत (तोही बंदच) पहाट व्हायची. लाडू तोंडात मातीसारखा फिरायचा. मोबाइलवर मेसेज साठले, उघडायची इच्छा होईना. शुक्रवारी रात्री नवरा ट्रॅव्हल्सने पुण्याहून यायचा, शनिवार-रविवार लेकीचे फोटो काढायचा आणि रविवारी रात्री परत. एका फोटोत मी मस्त हसतेय. दोनशेच्या वर लाइक्स पडले त्याला. तो फोटो काढून झाल्यावर मी बाथरूममध्ये नळ सोडून अर्धा तास बसले होते.

अजून एक गोष्ट सांगायला आजही जीभ अडखळते. स्वयंपाकघरात विळी दिसली की माझ्या पोटात गोळा यायचा. आपल्या हातून काही झालं तर? बाळाला घेऊन गच्चीच्या कठड्याजवळ जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. असं मनात येणारी आई म्हणजे राक्षसीणच, हा निकाल मी परस्पर लावून टाकला आणि कोणाला काहीच सांगितलं नाही.

आईला काही कळत नव्हतं असं नाही. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दूध कमी येतंय म्हणून शतावरी आणली. एका आत्याने कुठल्याशा गावच्या भगताचा पत्ता दिला. बाबांनी तो फाडून टाकला. मग आई वैतागून म्हणाली, "आम्ही नाही का केली बाळंतपणं? तेव्हा कुठे होता गॅस अन् वॉशिंग मशीन?" आईला बोल लावायचा नाहीये. अडीच तास झोपून ती माझं सगळं करत होती. पण 'सगळं' या शब्दात तेल, शेक, लाडू, काढा एवढंच बसत होतं. बाळंतिणीच्या अंगाच्या प्रत्येक सांध्यासाठी आपल्याकडे काही ना काही आहे. मनासाठी काय? तर 'हसत राहा, नाहीतर दूध आटेल.'

सासूबाईंची एन्ट्री

सिरियलच्या हिशेबाने इथे व्हिलनची एन्ट्री व्हायला हवी. विसाव्या दिवशी सासूबाई धुळ्याहून एसटीने आल्या. निवृत्त प्राथमिक शिक्षिका. बाहेर शुद्ध मराठी, घरात अहिराणी. नातीला मांडीवर घेतलं, पण बघत होत्या माझ्याकडे. आई चहा टाकायला गेल्यावर हळूच म्हणाल्या, "तुले झोप लागस का?"

मी मान हलवली. नाही.

"अन् पोरगीले जवळ लेवानी इच्छा व्हस का?"

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारलाच नव्हता. मी काहीच बोलले नाही. नुसती बघत राहिले. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मन्हं बी असंच व्हयेल व्हतं."

मग त्या मराठीत सांगत राहिल्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर, म्हणजे माझ्या नणंदेच्या वेळी, तीन महिन्यांचं त्यांना नीट काही आठवतच नाही. घरातल्यांनी नाव ठेवलं बाळंतरोग. आतल्या अंधाऱ्या खोलीत बाज टाकून दिली, बाळ जावेने सांभाळलं. शाळेत रजेचा अर्ज गेला 'अशक्तपणा' म्हणून. "ती जाऊ नसती तर तुझी नणंद नसती आणि मीही नसते," त्या अगदी हजेरी घेतल्यासारख्या सपाट आवाजात म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी हे सासऱ्यांनाही बोलून दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरात चर्चा. डॉक्टरकडे जायचं, पण कोणत्या? मानसोपचारतज्ज्ञ जळगावातही होते. पण आईचा मुद्दा एकच: "पाटी वाचून कोणी बघितलं तर?" कॉलनीतल्या निम्म्या लोकांची त्या रस्त्यावरून ये-जा. शेवटी तोडगा निघाला धुळ्याचा. तिथे सासूबाईंच्या ओळखीतले एक डॉक्टर होते आणि पाटीची भीती त्यांना नव्हती. म्हणजे एका पाटीपायी बावीस दिवसांची बाळंतीण शंभर किलोमीटर! सव्वा महिना व्हायच्या आत उंबरा ओलांडायचा म्हणून आई रडली. तिचं बाळंतपण करून देणं अर्धवट राहिलं, ही खंत तिला आजही आहे.

नवऱ्याने सोमवारची रजा टाकली. ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून पहाटे पाचला निघालो. पाळधी, एरंडोल... खड्डा आला की सासूबाई बाळाला छातीशी घट्ट धरायच्या आणि मी खिडकीतून बाहेर बघायची. पारोळ्याला चहासाठी थांबलो. बऱ्याच दिवसांनी अंगाला गार वारा लागला. कानातला कापूस मी तिथेच टाकून दिला.

दहा प्रश्न, एकोणीस मार्क

डॉक्टरांनी आधी नवऱ्याला बाहेर बसवलं. मग माझ्यापुढे एक कागद ठेवला. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, गेल्या सात दिवसांपुरते. तुम्हाला हसू येतं का? गोष्टी बिघडल्या की विनाकारण स्वतःला दोष देता का? इतकं वाईट वाटतं की झोप लागत नाही? याचं नाव एडिंबरा पोस्टनेटल डिप्रेशन स्केल. जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सॅगोव्हस्की यांनी ते १९८७ साली प्रसिद्ध केलं आणि आज जगभर वापरलं जातं. तीसपैकी गुण. साधारण तेराच्या वर गेलात तर नीट तपासणी हवीच. माझे आले एकोणीस. आयुष्यात पहिल्यांदाच जास्त मार्क मिळाल्याचं दुःख झालं. (हा कागद म्हणजे निदान नव्हे, ते डॉक्टरच करतात. पण बोलायला सुरुवात करून देणारा इतका सोपा कागद दुसरा नाही.)

दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा. मी 'कधीकधी'वर खूण केली. डॉक्टर दचकले नाहीत की त्यांनी लेक्चरही दिलं नाही. सरळ विचारलं: कधी? कसं? काही ठरवलंय का? ठरवलं नव्हतं. विळीचंही मी तिथेच सांगितलं. ते म्हणाले, असे नको असलेले विचार पुष्कळ आयांच्या मनात येतात, आणि तुम्ही त्यांना घाबरताय हीच महत्त्वाची खूण आहे. भास व्हायला लागले, आवाज ऐकू यायला लागले, बाळाबद्दल भलत्याच गोष्टी खऱ्या वाटायला लागल्या, तर तो वेगळा आजार: पोस्टपार्टम सायकोसिस. हजार बाळंतपणांत एखाद-दोघींना होतो, पण तेव्हा एक दिवसही थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

मग नवऱ्याला आत बोलावलं. त्याने तो कागद वाचला. दहाव्या प्रश्नाशी त्याची नजर थांबली. फोटोवाला माझा नवरा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे कॅमेऱ्याशिवाय बघत होता.

प्रिस्क्रिप्शन मात्र फारच साधं निघालं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी, कारण थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी असलं तरी असाच गळाठा येतो (माझं रक्त बरंच कमी होतं). सर्ट्रालिनची गोळी, कमी डोसपासून. बाळाला पाजताना चालेल का, हा माझा पहिला प्रश्न. या गोळीचा अंश दुधात फारच थोडा उतरतो, म्हणून पाजणाऱ्या आयांना बऱ्याचदा हीच दिली जाते, असं त्यांनी समजावलं. दर आठवड्याला समुपदेशन. रात्री सलग पाच तास झोप. तेवढ्या वेळात काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने दुसऱ्याने पाजायचं. आणि पहिले दोन आठवडे मला एकटीला सोडायचं नाही, गोळ्या सासूबाईंच्या कपाटात.

"हे तुमच्या एकटीचं नाही," डॉक्टर म्हणाले. तेव्हा मला ते धीर देण्यापुरतं वाटलं. नंतर वाचत गेले तसे आकडे सापडले. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के जणींना डिप्रेशन होतं आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. बहुतेकींचा त्रास गरोदरपणातच सुरू झाला होता, पण कोणी विचारलंच नव्हतं. पैशांची ओढाताण आणि नवऱ्याशी बिनसलेलं नातं ही मोठी कारणं, आणि मुलगी झाली की त्यांचा भार आणखी वाढतो, असंही त्यात दिसलं. पुढे २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र हिशेब आला. वीस हजारांवर आया, प्रमाण २२ टक्के. म्हणजे ढोबळमानाने पाचातली एक. तुमच्या ऑफिसमध्ये लीव्हवरून परतलेल्या पाच जणी डोळ्यांसमोर आणा.

आणि हो, बाबालोकहो! अमेरिकेतल्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली आलेल्या आढाव्यानुसार बाळ झाल्याच्या आगेमागे साधारण दहा टक्के वडिलांनाही डिप्रेशन गाठतं. माझ्या नवऱ्याला कसं वाटतंय हे आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये तो रडायचा, हे मला दोन वर्षांनी कळलं.

शेवभाजी

सिनेमात गोळी घेतली की दुसऱ्या सीनमध्ये हिरॉइन बागेत धावते. माझ्या बाबतीत पहिले दोन आठवडे काहीही झालं नाही, मळमळ सोडून. देवपुरातल्या घरात सासूबाई संध्याकाळी सातला बाळ घेऊन गच्चीवर जायच्या आणि मला झोपवायच्या. शेजारणी विचारायच्या, "सून माहेरी नाही का?" त्या म्हणायच्या, "बरं नाही तिला. मनाचं दुखणं आहे, औषध चालू आहे." एवढंच, दूधवाल्याला हिशेब सांगावा इतक्या सहज. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लाज वाटली. चार-पाचदा ऐकल्यावर ते वाक्य जुनं झालं.

चौथ्या आठवड्यात एका रात्री खालच्या घरातून फोडणीचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. शेवभाजी! काळ्या मसाल्याची, वर तर्री तरंगणारी. बाळंतिणीला तिखट वर्ज्य. सासूबाईंनी दोन मिनिटं विचार केला आणि वाटी घेऊन खाली गेल्या. अर्धी वाटी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. नाका-डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली. मग लेक रडली म्हणून उठून तिला घेतलं आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मला कोणी 'घे' म्हणालं नव्हतं.

इथेच थांबले तर गोष्ट छान होईल, पण खोटी होईल. जुलैत मी पंधरा दिवसांसाठी जळगावला आले. बरं वाटत होतं. एका नातेवाईक बाईंनी ऐकवलं, "गोळ्यांचं दूध म्हणजे विष पाजतेस लेकराला." मी कोणाला न विचारता गोळी बंद केली. दहा दिवसांत पुन्हा तीच पहाट, तोच पंखा. या वेळी मात्र आईने स्वतः फोन केला धुळ्याला. आणि काय आश्चर्य, तिनेच मला जळगावातल्या डॉक्टरांकडे नेलं, पाटीखालून, भर सकाळी अकराला! रस्त्यात कॉलनीतल्या कोणीतरी हटकलंच. आई म्हणाली, "डोळे तपासायला." चला, हेही नसे थोडके.

सप्टेंबरअखेर मी ऑफिसला रुजू झाले. मॅनेजरला खरं सांगितलं. एचआरच्या फॉर्मवर मात्र लिहिलं 'हार्मोनल इश्यू', त्या कॉलममध्ये दुसरा शब्द बसला नाही. दूध काढायला जागा मिळाली ती जुन्या प्रिंटरांच्या खोलीत. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असं २०१७च्या दुरुस्तीत आलं होतं. आमच्याकडे तेव्हा त्याची फाइल 'प्रोसेस'मध्ये होती. रजा सव्वीस आठवड्यांची झाली हे उत्तमच झालं. पण त्या सव्वीस आठवड्यांत एकदाही कोणी 'मनाने कशी आहेस' असं विचारलं नाही. कंपनीच्या डॉक्टरनेही फक्त ब्लडप्रेशर बघितलं. माझी गोळी जवळपास अकरा महिने चालली आणि मग डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने थांबवली.

आता चित्र थोडं बदललंय. समीरा रेड्डीने पहिल्या बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनबद्दल उघड बोलून दाखवलं तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दोघींनी मला वेगळा मेसेज केला, 'मलाही.' ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फुकट हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, तिथे मानसोपचार विभागाची ओपीडी असते. खासगी फी परवडत नाही हे कारण उरत नाही. आणि पुष्कळ जणी ज्या भीतीने गप्प बसतात, की 'वेडी ठरवून बाळ काढून घेतील', तिच्याबद्दल कायदा काय म्हणतो ते ऐका. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आईला दाखल करावं लागलं तरी तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. उदासपणा दोन आठवड्यांच्या पुढे गेला, बाळ झोपूनही झोप येईना, किंवा जगणं नको वाटायला लागलं, तर सव्वा महिना संपायची वाट बघू नका.

माझी लेक आता शाळेत जाते आणि माझ्यापेक्षा तिखट खाते. आईने 'डिप्रेशन' हा शब्द अजून एकदाही उच्चारलेला नाही. 'तुझं ते' म्हणते. मागच्या वर्षी वहिनीची डिलिव्हरी झाली. अठराव्या दिवशी मी मीटिंगमध्ये असताना आईचा फोन आला, लागोपाठ तीनदा. बाहेर येऊन घेतला.

"ती रात्रभर जागीच होती गं. बाळ झोपलेलं होतं तरी," आई दबक्या आवाजात म्हणाली. "तुझा तो दहा प्रश्नांचा कागद कुठेय? व्हॉट्सअॅप कर. आत्ता."